मदत हवी आहे: ऑप-अँपचा (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचा) गेन (किती पट वाढ) स्विचने बदलताना स्पीकरमध्ये जोरात 'टक्' होतंय

नमस्कार मंडळी, दोन आठवडे झाले एकाच सर्किटवर अडकलोय. इनपुट एकच आहे, ते आधीच बफर केलंय (पुढच्या सर्किटचा भार त्यावर पडत नाही), आणि रोटरी स्विच फिरवून आउटपुट १ पट, १० पट किंवा १०० पट निवडता यायला हवं, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. ऑप-अँप टीएल०७२, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट, जोडणी नॉन-इन्व्हर्टिंग (आउटपुट उलटं होत नाही). इन्व्हर्टिंग पिनवरून ग्राउंडला १के (किलोओहम) रेझिस्टर, आणि फीडबॅकला (आउटपुटवरून त्याच पिनवर परत) साधी वायर, ९के किंवा ९९के यातलं एक स्विच निवडतो.

१ किलोहर्ट्झला तिन्ही गेन बरोबर येतात. पण स्विच एका खटक्यावरून दुसऱ्यावर जाताना मधे क्षणभर कुठेच टेकलेला नसतो, तेवढ्यात फीडबॅक सुटतो आणि आउटपुट थेट सप्लायच्या टोकाला जाऊन आपटतं, ऑसिलोस्कोपवर स्वच्छ दिसतंय, आणि स्पीकर जोडलेला असला की फार भीती वाटते.

शिवाय १०० पटीवर इनपुट ग्राउंड केलं तरी आउटपुटला ०.४ व्होल्ट डीसी, म्हणजे ऑप-अँपचा स्वतःचा ४ मिलिव्होल्टचा ऑफसेटच (इनपुट शून्य असतानाची चूक) १०० पट होतोय. आणि २० किलोहर्ट्झला १०० ऐवजी ८३च भरतात. टीएल०७२ चा गेन गुणिले बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ, भागिले १०० म्हणजे ३० किलोहर्ट्झ, हिशोब जुळतो पण करायचं काय?

सीडी४०६६ ही इलेक्ट्रॉनिक स्विचची आयसी लावणार होतो, पण ती १८ व्होल्टच्या वर चालवायची नाही आणि माझे टोकापासून टोकापर्यंत २४ आहेत.

आता असं वाटतंय की आयसीत दोन ऑप-अँप आहेतच, तर १०-१० पटीचे दोन टप्पे एकामागे एक लावायचे आणि स्विचने फक्त आउटपुट निवडायचं. पण इनपुट १ व्होल्ट असताना दुसरा टप्पा मागे सतत क्लिप होत राहणार (आउटपुट सप्लायच्या टोकाला कापलं जाणार), त्याचा त्रास बाकीच्या दोन आउटपुटना होईल का? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दोन टप्पेच करा. प्रत्येकाला ३०० किलोहर्ट्झची बँडविड्थ मिळते, मिळून साधारण १९०, म्हणजे २० ला काही जाणवणार नाही. फीडबॅक कायमचा सोल्डर, तो सुटायचा प्रश्नच नाही. दोन्हीकडे १के आणि ग्राउंडच्या मधे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, डीसीला गेन १ राहतो आणि ऑफसेट वाढत नाही. स्विचच्या कॉमनवरून ग्राउंडला १००के लावा, नाहीतर मधल्या क्षणी पुढचं इनपुट लटकत राहील. सप्लायच्या पिनांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर हवेतच, क्लिपिंगचा त्रास पसरतो तो बहुतेक सप्लायमधूनच. एक मात्र बघा, टीएल०७२ चं इनपुट उणे सप्लायच्या फार जवळ गेलं की आउटपुट उलटं फिरतं, ही तिची जुनी खोड. पहिला टप्पा उणे १० ला गेला की दुसऱ्यात हेच होऊ शकतं.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, उलटं फिरण्याचं माहीतच नव्हतं! मग दुसऱ्या टप्प्याच्या इनपुटला १०के सिरीजमध्ये आणि ग्राउंडकडे दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड लावले तर? साधारण १.२ व्होल्टला अडेल, पण मला तिथे १ व्होल्ट पीक तर स्वच्छ हवाय, तेवढ्यात डायोड डिस्टॉर्शन घालतील का?