पाऊस ओसरल्यावरच मलेरिया का वाढतो?

खानापूरकर:
आमचे गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेकाठी आहे. जुलैत इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तरी हुडहुडी भरून येणाऱ्या तापाचे रुग्ण दिसू लागतात ते पाऊस उघडझाप करू लागल्यावर. पाणी तर जुलैतच अधिक असते, मग असे का? आणि त्यासाठी गटारावर धूर मारण्याचा उपयोग होतो का?

निवृत्त आरोग्य कर्मचारी, बेळगाव:
मुसळधार पाऊस डासाला मानवत नाही, कारण ओढ्याला लोंढा आला की अळ्याही वाहून जातात. पावसाने उसंत घेतली की भाताच्या खाचरांत, ओढ्याच्या पात्रातल्या डबक्यांत आणि वीटभट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी संथ होते, आणि ॲनाफिलिस डासाच्या मादीला तेच हवे असते. शिवाय रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोहोचायला 25 अंश तापमानात सुमारे दहा-बारा दिवस लागतात, आणि 16 ते 18 अंशांखाली ही वाढ जवळजवळ थांबते. तेवढे दिवस मादी जगली तरच पुढचा माणूस आजारी पडतो, आणि हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या वर असला की ती अधिक जगते. पावसाळा सरतानाची ऊब आणि दमट हवा तिच्या पथ्यावर पडते.

शहापूर, बेळगाव:
गटाराच्या घाण पाण्यात मुख्यतः क्युलेक्स वाढतो; तो हत्तीरोग पसरवतो, मलेरिया नव्हे. शहरातला मलेरियाचा डास गच्चीवरच्या टाकीत आणि विहिरीत सापडतो. नळ आल्यापासून आमच्या परसातल्या आडाचे पाणी कोणी उपसत नाही. गेल्या वर्षी त्यातून बादलीभर पाणी काढले, तेव्हा काडीसारख्या अळ्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या दिसल्या. क्युलेक्सच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लोंबतात. आम्ही आडात गप्पी मासे सोडले.

सौंदत्तीकर:
आमच्याकडे पाऊस बेताचाच, पण कालव्याला पाणी सोडले की पाझराने कडेचे चर भरतात. ग्रामीण भारतातला मलेरियाचा मुख्य वाहक असलेला ॲनाफिलिस क्युलिसिफेसीस अशाच पाण्यात वाढतो आणि दिवसा गोठ्यात दडून बसतो. त्यामुळे कोरड्या मुलखालाही या रोगापासून सुटका नाही.

खानापूरकर:
आमच्या शिवारात वीटभट्टीचे पाच-सहा खड्डे आहेत. त्यांत गप्पी मासे सोडले तर चालतील का?

निवृत्त आरोग्य कर्मचारी, बेळगाव:
पाणी आहे तोवर ते अळ्या खातील. पण उन्हाळ्यात खड्डे आटले की मासे मरतील आणि पुढच्या पावसाळ्यात नव्याने सोडावे लागतील. माती काढून झालेले खड्डे बुजवून घ्या, किंवा उताराच्या बाजूने चर मारून पाणी काढून द्या. मासे बारमाही पाण्याच्या विहिरीसाठी ठेवा.