चिकटलेली चित्रं आणि पावसाळा

म्हापशाहून विचारलंय, परीकथांच्या जुन्या पुस्तकातली रंगीत पानं एकमेकांना चिकटलीत, वाफ द्यायची का? अजिबात नको. त्या चकचकीत आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो. ओला होऊन वाळला की तोच डिंकासारखा धरतो. मग ओढलं की राजकन्येचा चेहरा समोरच्या पानावर. पान अजून ओलसर असेल तरच हलक्या हाताने बटर पेपर सरकवा.

असं जुनं पुस्तक विकत घेताना आधी चित्रसूची काढून चित्रं मोजा. चित्रकार आर्थर रॅकहॅमच्या चित्रांसह १९०९ मध्ये निघालेल्या ग्रिम बंधूंच्या परीकथांमध्ये ४० रंगीत चित्रं हवीत. ती नुसती वरच्या कडेला डकवलेली असतील तर फ्रेम करून विकणाऱ्यांसाठी अलगद काढलेली असू शकतात. तिथे गोंदाचा पिवळा पट्टा तेवढा उरतो.

कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर पुस्तक पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड पुठ्ठ्यावर दंव धरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि गोव्यात चवथीपर्यंत तरी ओल शोषणारं सिलिका जेल दर पंधरवड्याला तपासा. डांबरगोळ्या नकोत, वास जन्मभर जात नाही. सेलोटेप तर त्याहून वाईट.