मागचा इंडिकेटर पिवळाच हवा, लाल नको

तवंदीचा प्रवासी: आपल्याकडे काही गॅरेजवाले मागचे दिवे काढून अख्खे लाल एलईडी बसवून देतात. ब्रेक लाल, इंडिकेटरही लाल. विचारलं तर "अमेरिकेत असंच असतं." खरं आहे, तिथे लाल आणि पिवळा दोन्ही चालतात. पण भारतात नियम पिवळ्याचाच आहे आणि तो योग्यच आहे. तवंदी घाट उतरताना पुढच्या गाडीचा एका बाजूचा लाल दिवा पेटला, तर ती वळतेय, की ब्रेक मारलाय आणि दुसरा बल्ब उडालाय? ताशी ६० च्या वेगात आपण सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जातो. विचार करायला वेळ कुठे आहे? असे दिवे विकायलाच बंदी हवी.

खानापूरवाला: नाही पटलं. लाल लांबून दिसतो, म्हणून तर धोक्याला लाल. पावसाळ्यात चोर्ला घाटात या, तिथल्या धुक्यात पिवळा काय दिसणार? आणि दिवा लुकलुकतोय हे कळतंच की.

तवंदीचा प्रवासी: धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा खूप मोठे असतात. त्यांच्यात लाल आणि पिवळा जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे लालचा फायदा तिथे उरत नाही. उलट तेवढ्याच शक्तीचा पिवळा प्रकाश डोळ्याला जास्त उजळ वाटतो. लुकलुकणं कळायला दिवा एकदा विझून पुन्हा पेटावा लागतो, रंग पहिल्या क्षणीच कळतो. अमेरिकेच्याच महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ साली लालवरून पिवळ्यावर गेलेली मॉडेल्स तपासली. वळताना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ५ टक्क्यांनी कमी निघाल्या.

संकेश्वर हायवे: ५ टक्क्यांसाठी एवढा वाद? गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे एकही दिवा नसताना रात्री रस्त्यावर असतात. आधी त्यावर बोला.

तवंदीचा प्रवासी: त्यावरही बोलू या, जरूर. कारखान्याच्या गेटवरच रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अडवली पाहिजे. पण ट्रॉलीला दिवा नाही म्हणून कारला चुकीचा चालेल, हे कसं?

कॅम्पातला वकील: कायद्याचं एवढंच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं.

खानापूरवाला: बरं, लाल काचेच्या आत पिवळा बल्ब घातला तर?

तवंदीचा प्रवासी: उपयोग नाही. लाल काच पिवळा भाग अडवते, बाहेर लालच येतो. इंडिकेटरपुरती काच पिवळी हवी, किंवा पारदर्शक काचेआड पिवळा बल्ब. कंपनीचा मूळ दिवा घरात पडून असेल तर तोच परत बसवा.