प्रति: कार्यकर्त्यानं निवडणूक लढवावी का?

कोल्हापूर शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाचं उदाहरण देऊन या चर्चेत वर एकानं म्हटलंय की कार्यकर्त्यानं रस्त्यावरच राहावं, महापालिकेत गेला की तो संपला. टोलपुरतं मान्य. पण तो निर्णय राज्य सरकारच्या हातात होता, म्हणून अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरल्यावर २०१५ मध्ये टोल गेला. गल्लीतल्या गटारीसाठी कोण मोर्चा काढणार? नोव्हेंबर २०२० ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षं नगरसेवकांऐवजी सरकारनं नेमलेले प्रशासकच होते. आमच्या गल्लीतल्या वहिनींकडे त्या काळातली वही आहे: पाणी कधी आलं नाही, अर्ज कधी दिला, पोहोच कुणी दिली, सगळं तारखेनिशी. प्रत्येक वेळी उत्तर एकच, निधी नाही. निधी कुठं जातो हे सभागृहात बसून विचारता यावं म्हणूनच त्या उभं राहायचं म्हणतायत, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

खरी अडचण वेगळीच आहे. २०१५ ला एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून यायचा. चार-पाच गल्ल्या आणि दोन तालमी (गल्लीतली मंडळं) पाठीशी असल्या तरी अपक्षाला लढत देता यायची. आता बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. पक्षाचं पॅनेल एकत्र फिरतं, एकट्या माणसाला मात्र चौपट घरं गाठावी लागतात. त्यामुळं वहिनींनी शेजारच्या भागांतले तिघं आत्तापासूनच जोडून घ्यावेत. घरफाळ्याची (मालमत्ता कराची) थकबाकीही आधी भरून टाकावी, आणि राखीव जागेवर लढायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज आजच करावा.