मदत हवी आहे: पंधरा वर्षं बंद असलेला ॲम्प्लिफायर, फिल्टर कंडेन्सर वाचतील का?

नमस्कार मंडळी,

१९८०च्या दशकातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. आउटपुटला २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोड्या, ट्रान्सफॉर्मर २५-०-२५, सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्ट. फिल्टर कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे दोन, दोन्ही चॅनेलना मिळून. किमान पंधरा वर्षं माळ्यावर पडून होता. फुगलेलं, गळलेलं काही दिसत नाही.

१०० वॉटच्या सिरीज बल्बवर (मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये जोडलेला बल्ब) लावला. बल्ब लखकन पेटला आणि लगेच विझला. आउटपुटवर डीसी मोजलं: डावीकडे ४० मिलिव्होल्ट, उजवीकडे १.२ व्होल्ट. एक टाकाऊ स्पीकर लावून पाहिला तर उजव्या चॅनेलवरच घूं असा आवाज येतो.

सिरीज बल्बवर चार-पाच तास तसाच ठेवला की कंडेन्सर आपोआप रिफॉर्म होतात (आतला इन्सुलेटरचा थर पुन्हा धरतो), असं सांगितलं जातं. तसं करू का? की सरसकट सगळे बदलू? मोठे डबे मूळचेच राहिले तर हवे आहेत.

उत्तर १

आधी प्लग काढा आणि चांगला स्पीकर अजिबात जोडू नका.

सिरीज बल्ब शॉर्टपासून वाचवतो, रिफॉर्म करत नाही. समजा प्रत्येक कंडेन्सरचं लीकेज (आतून झिरपणारा करंट) ५० मिलिॲम्पियर आहे. दोन्हींच्या मिळून ७० व्होल्टला ते साडेतीन वॉट झालं, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला जेमतेम १५ मिलिॲम्पियर. १०० वॉटच्या बल्बची थंड फिलामेंट ४० ओहमच्या आसपास असते, तिच्यावर पडणार अर्धा-पाऊण व्होल्ट. बल्ब विझलेलाच दिसतो, कंडेन्सरला मात्र दोन-तीन सेकंदांत जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि ते साडेतीन वॉट आतल्या आत उष्णता होऊन वायू तयार करतात. डबा फुटतो तो यामुळे.

ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, दर व्होल्टमागे साधारण दीड नॅनोमीटरपेक्षाही कमी. तोच इन्सुलेटर. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की हा थर इलेक्ट्रोलाइटमध्ये झिजत जातो. मर्यादित करंट देत व्होल्टेज हळूहळू चढवलं की तो पुन्हा धरतो. पण आटलेला इलेक्ट्रोलाइट रिफॉर्म करून परत येत नाही. त्यामुळे ही दुरुस्ती जितकी, तितकीच परीक्षाही आहे.

कंडेन्सर सर्किटमधून काढूनच करा. आत असताना ॲम्प्लिफायरचा करंट लीकेजमध्ये मिसळतो आणि मोजमापाला अर्थ उरत नाही. काढण्यापूर्वी २२० ओहम ५ वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नको. थोड्या वेळाने पुन्हा मोजा, कारण थोडं व्होल्टेज परत वर येतं.

जोडणी साधी: ० ते ५० व्होल्ट डीसी सप्लाय, सिरीजमध्ये १० के (किलोओहम) १ वॉट रेझिस्टर, पुढे कंडेन्सर. ३० व्होल्टचे दोन सप्लाय सिरीजमध्ये चालतील, पण दोघांचे आउटपुट जमिनीपासून सुटे हवेत. मल्टिमीटर रेझिस्टरवर लावा: १० व्होल्ट म्हणजे १ मिलिॲम्पियर. १० के आणि ४७०० मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट ४७ सेकंद, म्हणजे चारेक मिनिटांत चार्जिंग संपतं. त्यानंतर जे रीडिंग उरतं ते लीकेज.

१० व्होल्टने सुरुवात करा. रेझिस्टरवरचं व्होल्टेज उतरत उतरत १ व्होल्टखाली आलं की पुढचे १० चढवा. शेवटच्या दोन पायऱ्यांना तास-दोन तास लागू शकतात, घाई करू नका. या जोडणीत ५० व्होल्टलासुद्धा कंडेन्सरमध्ये जास्तीत जास्त ६२ मिलिवॉट जिरतात, त्यामुळे तो तापायचा प्रश्नच येत नाही.

३५ ला थांबू नका. मेन्स २५३ झाला आणि ट्रान्सफॉर्मरवर लोड नसेल तर तुमचा सप्लाय सहज ४० च्या पुढे जातो. ४८ पर्यंत न्या.

उत्तर २

वरच्या उत्तराशी सहमत. पण तुमचा घूं आवाज मोठ्या कंडेन्सरमुळे नाही. ते दोन्ही चॅनेलना समाईक आहेत, ते खराब असते तर दोन्हीकडे घुमलं असतं. उजव्या चॅनेलच्या बोर्डवर इनपुट स्टेजचा सप्लाय गाळणारा १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तो आधी पाहा.

आणि १.२ व्होल्ट भागिले ४० मिलिव्होल्ट किती? ३०. अशा ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) साधारण तेवढाच असतो. फीडबॅकमधला (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेतला) ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर डीसी अडवतो, म्हणून डीसीसाठी गेन १ राहतो. तो लीक झाला की इनपुटचा बारीकसा ऑफसेट (नको असलेलं डीसी) तीसपट होऊन स्पीकरवर येतो. याच्यावर एरवी जवळजवळ शून्य व्होल्ट असतात, त्यामुळे सेट रोज चालू असला तरी हा कधी रिफॉर्म होत नाही. काढून ४७ मायक्रोफॅरडचा बायपोलर टाका.

१०० मायक्रोफॅरडपर्यंतचे छोटे सगळेच बदला. काही रुपयांच्या वस्तूसाठी तास तास घालवण्यात अर्थ नाही. १०५ डिग्री सेल्सिअसपर्यंत चालणारे घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं. पण अगदी हलका वाटणारा मोठा डबा विकत घेऊ नका. नवं वेष्टन चढवलेला माल फिरत असतो.

बोर्डवर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, ठिसूळ गोंद दिसतोय का? मूळचा पिवळट गोंद वर्षांनी असा होतो आणि करंट वाहू देतो, शेजारच्या रेझिस्टरचे पायही खातो. लाकडी काडीने पूर्ण खरवडा. याउलट पॅडला सोल्डरिंग आयर्न लावताच माशासारखा वास आला तर तो गळलेला इलेक्ट्रोलाइट. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन ट्रॅक तुटला नाही ना हे मीटरने पाहा.

व्हॉल्व्ह सेटवाल्यांसाठी एक: रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जीझेड३४ सारखा व्हॉल्व्ह असेल तर डिमरस्टॅटने (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवून उपयोग नाही. हीटर तापेपर्यंत एचटी (उच्च व्होल्टेजचा सप्लाय) येतच नाही, आणि येते तेव्हा एकदम येते. तिथेही कंडेन्सर सोडवून बाहेरूनच रिफॉर्म करा, रेझिस्टर १०० के घ्या. ३०० व्होल्ट जिवावर बेततात, एक हात खिशात ठेवा.

धागाकर्ता

आभार. ४८ व्होल्टला तीन तासांनंतर रेझिस्टरवरचं रीडिंग:

पहिला: १.१ व्होल्ट, अजून हळूहळू उतरतंय.
दुसरा: ३१ व्होल्टवर अडकलाय, मध्येच ३४ ची उडी मारतो. पण मल्टिमीटर त्याची कपॅसिटी ५९०० दाखवतो, म्हणजे चांगला ना?

गोंद तपकिरीच निघाला. ४७ चा बदलल्यावर उजवीकडचं डीसी ३५ मिलिव्होल्टवर आलं.

उत्तर १

पहिल्याचं लीकेज ०.११ मिलिॲम्पियर, उत्तम. रात्रभर तसाच ठेवा, मग ईएसआर (कंडेन्सरचा आतला सिरीज रेझिस्टन्स) मोजा. या मापाला ०.१ ओहमच्या आत हवा. अर्धा ओहम आला तर आतून सुकलाय, लीकेज कितीही कमी असो.

दुसरा गेला. स्वतःवर फक्त १७ व्होल्ट असताना ३.१ मिलिॲम्पियर ओढतोय. नव्याला पूर्ण ५० व्होल्टला २.३५ चालतात. उड्या म्हणजे थर जागोजागी फुटतोय. ५९०० ला भुलू नका. मीटर चार्ज व्हायला लागलेला वेळ पाहून कपॅसिटी काढतो आणि लीकेजमुळे तो वेळ वाढतो. लीकेज आधी, कपॅसिटी नंतर.

दोन्ही जोडीने बदला, ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट. एकच नवा टाकलात तर दोन्ही बाजूंचा रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) सारखा राहणार नाही. पहिला चांगला आहे, तो डबीत ठेवा, पण वर्षातून एकदा असाच रिफॉर्म करा. नवे डबे बारीक असतील, जुन्या क्लॅम्पमध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवा.

बसवताना एकच चूक वारंवार होते, टोकं उलटी जोडण्याची: उणे ३५ च्या बाजूच्या कंडेन्सरचं अधिक टोक ग्राउंडला जायला हवं, सप्लायला नाही. जुने काढण्यापूर्वी फोटो घ्या.