शब्दचर्चा: बेसबॉलमधली फटकेबाजी, बचाव आणि मैदानाचं आकारमान

कोरा कागद
बेसबॉलचा संघ कसा बांधावा यावर एक लेख लिहिते आहे. हिटिंग, डिफेन्स आणि बॉलपार्कची साइझ या तिन्हींचा मेळ कसा घालायचा, असा विषय. सध्या ‘फटकेबाजी’, ‘बचाव’ आणि ‘मैदानाचं आकारमान’ असे शब्द घेतलेत. मुख्य वाक्य असं झालंय: ‘संघबांधणीत या तीन घटकांना किती वजन द्यायचं?’ वाचताना कुठेतरी अडखळायला होतंय. ‘बचाव’ म्हटलं की मला तर वकीलच दिसतो. सुचवा काही.

डावखुरा
‘फटकेबाजी’ आधी काढा. त्यात दणादण हाणण्याचा भाव आहे. बेसबॉलमध्ये चार खराब चेंडू सोडून देऊन निमूटपणे पहिल्या बेसवर जाणारा, म्हणजे वॉक मिळवणारा गडीही तितकाच कामाचा. त्याने बॅट हलवलेलीसुद्धा नसते. २००२ साली ओकलंडच्या संघाने १०३ सामने जिंकले, त्यात स्कॉट हॅटेबर्ग होता. मूळचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, पण कोपराच्या दुखापतीने फेक गेली, म्हणून त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. घेतला होता तो बेसवर पोचण्याच्या हातोटीसाठी. अशा माणसाला फटकेबाज कसं म्हणणार? साधं ‘फलंदाजी’ लिहा. फटकाही त्यात आला आणि धीरही.

शंखपुष्पी
सहमत. आणि ‘हिट’ला ‘फटका’ करू नका. सणसणीत मारलेला चेंडू सेंटरफील्डरने, म्हणजे मैदानात लांब मधोमध उभ्या गड्याने, पळत जाऊन झेलला, तर फटका झाला पण हिट नाही. उलट दोन फील्डरांच्या मधून घरंगळत गेलेला फुसका चेंडू, फलंदाज बेसवर सुखरूप पोचला तर हिट. तो ‘हिट’च राहू द्या, होमरनही (थेट कुंपणापार गेलेला चेंडू) होमरनच.

‘बचाव’ऐवजी ‘क्षेत्ररक्षण’ आहेच की. पण तेवढ्याने भागणार नाही, त्याचे पोटशब्द लागतील. फील्डर किती लांबच्या चेंडूपर्यंत पोचतो त्याला मी ‘पल्ला’ म्हणेन. हातातल्या ताकदीला ‘फेक’. हा ‘पल्ला’ लेखात यायलाच हवा, कारण एररचा, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा, आकडा फसवा असतो. ज्या चेंडूच्या जवळपासही फील्डर पोचला नाही, तिथे त्याच्या नावावर एरर लागत नाही. जागचा न हलणारा माणूस कागदावर बिनचूक दिसतो.

अपूर्णांक
माझी खरी हरकत ‘घटक’ या शब्दाला आहे. फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण हे घटक खरे. एकाने धावा वाढतात, दुसऱ्याने समोरच्याच्या धावा अडतात, दोन्ही एकाच नाण्यात मोजता येतात. ढोबळ हिशेब असा की दहाएक धावांच्या फरकाला एक विजय. फलंदाजीत वीस धावा जास्त देणारा गडी क्षेत्ररक्षणात पंचवीस घालवत असेल, तर सौदा तोट्याचा.

मैदान या बेरजेत बसत नाही. ते दोन्हींना गुणतं. इंग्रजीतला ‘पार्क फॅक्टर’ हा ‘मैदान-गुणक’ आहे, घटक नव्हे. १०० म्हणजे सर्वसाधारण मैदान, त्याहून जास्त म्हणजे तिथे धावा जास्त निघतात. तेव्हा ‘तीन घटकांना किती वजन’ हे वाक्यच पाडा. प्रश्न असा आहे की आपल्या मैदानावर फलंदाजीचं वजन किती आणि क्षेत्ररक्षणाचं किती.

उदाहरण द्यायचं तर डेन्व्हरचं कूर्स फील्ड. समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंचीवर, हवा विरळ, चेंडू लांब जातो. धावांचा पाऊस पाहून पुष्कळांना ते मैदान छोटं वाटतं. प्रत्यक्षात सेंटरचं कुंपण ४१५ फुटांवर आहे. चेंडू लांब जातो म्हणूनच कुंपण मागे बांधलं, आणि त्यामुळे आउटफील्ड, म्हणजे बेसांपलीकडचा कुंपणापर्यंतचा भाग, इतकं ऐसपैस झालं की तिथे होमरनच नव्हे, साधे हिटही भरपूर पडतात. म्हणजे सगळे ज्याला फलंदाजांचं मैदान म्हणतात, तिथेच पल्ल्याची किंमत वाढते. १९९९ मध्ये डांटे बिशेटने तिथल्या रॉकीज संघाकडून ३४ होमरन मारले आणि १३३ धावा घडवल्या. मात्र मैदानाचा गुणक लावून आणि लेफ्टफील्डमधलं क्षेत्ररक्षण धरून बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाने त्याचा ‘वॉर’ (सहज मिळणाऱ्या बदली गड्यापेक्षा त्याने किती विजय जास्त दिले तो आकडा) काढला, तो उणे निघाला!

डावखुरा
बिशेटचं उदाहरण बरोबर, पण उलट बाजूही लिहा. १९८२ चा सेंट लुइस कार्डिनल्स संघ. पूर्ण मोसमात ६७ होमरन, त्या वर्षी सगळ्या संघांत सर्वात कमी, आणि तरी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. त्यांचा मॅनेजर व्हाइटी हर्झॉगने मैदान बघून माणसं जमवली होती. कुंपण लांब, खाली कृत्रिम हिरवळ, चेंडू सुसाट पळणारा. तिथे धावणारे आणि अडवणारे हवेत. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा) ओझी स्मिथ, त्याचे स्वतःचे होमरन फक्त २.

कोरा कागद
‘मैदान-गुणक’ घेतला. मग ‘मैदानाचं आकारमान’ चालेल ना?

अपूर्णांक
चालणार नाही. शाळेपासून आकारमान म्हणजे घनफळ, ते पिंपाचं असतं. शिवाय बेसबॉलमध्ये ‘किती मोठं’ यापेक्षा ‘कुठे मोठं’ याला महत्त्व आहे. दोन बेसमधलं अंतर सगळीकडे ९० फूट. कुंपण मात्र जिथे तिथे वेगळं. बॉस्टनचं फेनवे पार्क घ्या. डावीकडे कुंपण ३१० फुटांवर, पण तिथे ३७ फुटांची भिंत उभी, तर सेंटरच्या कोपऱ्यात ४२० फूट. याला लहान म्हणायचं की मोठं? तिथल्या लेफ्टफील्डरला पळायला जागाच कमी, त्यामुळे जड पायाचा माणूस खपून जातो. उजवीकडे मात्र जागा ऐसपैस, तिथे राइटफील्डर तसा ठेवून बघा! न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये उजवीकडे ३१४ फूट, तिथे उजवीकडे मारणाऱ्या डावखुऱ्या फलंदाजाची चंगळ. म्हणून ‘मापं’ म्हणा किंवा नुसतं ‘आकार’.

शंखपुष्पी
‘हिटर्स पार्क’ला ‘फलंदाजांना धार्जिणं मैदान’ कसं वाटतं?

डावखुरा
अग्रलेखातलं वाटतं, पण अर्थाला नेमकं बसतं. ठेवा.

फक्त मैदानापायी वाहवत जाऊ नका. मोसमाच्या १६२ सामन्यांतले ८१ परक्या मैदानांवर असतात. शिवाय करार चार-पाच वर्षांचा आणि कुंपण एका हिवाळ्यात हलतं. बाल्टिमोरच्या संघाने आपल्या कॅम्डन यार्ड्स मैदानाची डावीकडची भिंत २०२२ ला मागे नेली आणि २०२५ ला पुन्हा पुढे आणली. मधल्या काळात ‘आपलं मैदान लांब आहे’ म्हणून घेतलेल्या गड्याचं काय करायचं?

कोरा कागद
तो परिच्छेद घालतेच. वाक्य आता असं केलंय: ‘घरच्या मैदानाची मापं पाहून फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांना किती वजन द्यायचं?’ एक राहिलं. फाउल रेषांच्या, म्हणजे खेळाच्या हद्दीच्या दोन बाजूच्या रेषांच्या, बाहेरच्या जागेला काय म्हणू? ओकलंडच्या कॉलिझियममध्ये ती अफाट होती. इतर ठिकाणी प्रेक्षकांत जाऊन पडणारे चेंडू तिथे झेलले जायचे, फलंदाजाचा फुकट बळी.

शंखपुष्पी
‘फाउल पट्टा’. आणि ‘बळी’ नको, तो क्रिकेटचा. नुसतं ‘बाद’ लिहा.