दत्तक घेणाऱ्यांना ‘का?’ विचारावं का?

गिरगावकर: दत्तक म्हटलं की ‘केवढं पुण्याचं काम!’ हे येतंच. माझं मत उलटं आहे. पुण्य म्हणून मूल घेणाऱ्यांना होम स्टडीतच, म्हणजे दत्तकाआधी होणाऱ्या घरच्या पाहणीतच, थांबवावं. उपकार केला असं मनात असलं की परतफेडीची वाट बघणं आलंच. मूल लहान आहे तोवर निभतं. आठवीनववीत ते उलटून बोलू लागलं की ‘तुला कुठून आणलं, ठाऊक आहे ना?’ तोंडातून निघतं. तितकाच धोका गेलेल्या मुलाची जागा भरायला घेण्यात आहे. त्या बाळाची तुलना कायम अशा भावंडाशी होते, जे कधी चुकणारच नाही.

काळाचौकी: अजिबात पटत नाही. पोटच्या मुलासाठी कोणाला कारण विचारतात? वंश चालावा, म्हातारपणी आधार असावा, म्हणूनच घरोघरी पाळणे हलतात. शिवाय हेतू विचारला की पाठ केलेलं उत्तर मिळतं. दिसतं तेवढंच तपासा. वय बघतातच, दोन वर्षांखालचं बाळ हवं तर दोघांच्या वयांची बेरीज ८५च्या आत लागते. तसंच दोघंही सकाळच्या लोकलने निघून रात्री आठला परतणार असतील, तर दिवसभर बाळाजवळ कोण, हे विचारा.

सायन_पूर्व: ‘का घेताय?’ हा प्रश्न खरंच निकामी आहे. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून आडून विचारावं लागतं. विषय आधी कोणी काढला? उपचार कधी थांबवले, आणि थांबवायचं कोणी ठरवलं? मूल अभ्यासात यथातथाच निघालं तर घरात पहिला टोमणा कोणाचा येईल? दत्तक असल्याचं मुलाला सांगणार कधी? ‘कळता झाल्यावर बघू’ आणि ‘आमच्यासारखंच दिसणारं मिळेल ना?’ ही दोन उत्तरं एकाच घरातून आली, तर मूल न झाल्याचं दुःख अजून ओलं आहे असं समजावं. नकार द्यायची गरज नाही. आधी समुपदेशन, मग होम स्टडीचा अहवाल. हे पालकत्व वेगळं आहे हे मान्य करणाऱ्या घरात मुलाशी मोकळेपणा जास्त राहतो, असं समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क यांनी १९६४ सालीच मांडलं होतं.

गिरगावकर: पण अहवाल एकदा झाला की तीन वर्षं ग्राह्य असतो आणि तान्ह्या बाळासाठीची रांग त्याहून लांबते. तेवढ्या काळात दिवस राहतात, सासू-सासरे अंथरुणाला खिळतात, मन बदलतं. रेफरल, म्हणजे सुचवलेल्या बाळाची माहिती, आला की बाळ राखून ठेवायला ४८ तास. तेव्हा ‘आता नको’ म्हणायची हिंमत किती जणांत असते?

विलेपार्ले: मोठ्या मुलांचं कोणीच बोललं नाही. सहा-सात वर्षांचं मूल पहिले काही आठवडे अतिशय गुणी वागतं. मग उशीखाली पोळी लपवणं, चोऱ्या, नव्या आईला मारणं सुरू होतं. हे घर टिकणार का, याची ती चाचपणी असते. उपकाराच्या भावनेने आलेल्या पालकाला मात्र तो कृतघ्नपणा वाटतो. गिरगावकरांचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा आहे.

काळाचौकी: मग इलाज नंतरच्या सोबतीतच आहे ना? मूल घरी आल्यावर पाहणीसाठी दर सहा महिन्यांनी भेट, तीही दोनच वर्षं. आणि ‘मूल परत नेतील’ या धास्तीने पालक भेटीत सगळं छानच सांगतात. दत्तक मुलांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांच्या मते, ‘आपल्याला निवडलं’ म्हणजे आधी कोणीतरी सोडलं होतं, हे मुलाला सहा-सात वर्षांचं झाल्यावर उमजू लागतं. तान्हं आलेल्या मुलाच्या घरी तोवर भेटी बंद होऊन चार वर्षं उलटलेली असतात.